गेमचं ग्राफिक्स पिढीगणिक सुधारतं म्हणजे नेमकं काय सुधारतं?

पैनगंगाकाठ

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, आला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'काय खतरनाक ग्राफिक्स आहे' हे एक, आणि 'आता फरकच राहिला नाही, पैसे कशाला घालवायचे' हे दुसरं. माझा पुतण्या सध्या दुसऱ्या मताचा आहे. घरी पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) आहे, उमरखेडला त्याच्या मित्राकडे पीएस ५ आला, आणि 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस' हा एकच गेम त्यानं दोन्हीकडे खेळून पाहिला. फोटो शेजारी-शेजारी ठेवले तर ओळखता येत नाहीत, असं तो म्हणतो. त्याला तोंडी सांगून झालंय. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक पिढीच्या यंत्राची एखादी मोठी अडचण असते. गेम बनवणारे ती लपवायला युक्त्या काढतात, आणि त्या युक्त्या म्हणजेच त्या काळाचं ग्राफिक्स अशी आपली समजूत होते. पुढची पिढी ती अडचण दूर करते, मग वेगळीच अडचण पुढे येते. त्यामुळे दोन पिढ्यांतला फरक बघायचा असेल, तर मागच्या यंत्राला जिथे दम लागत होता तिथे नजर ठेवायला हवी.

सुरुवातीपासून घेऊ. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात कॅसेट लावायचे जे टीव्ही गेम मिळायचे, ते बहुतेक त्याच्याच नकला. त्या यंत्रात पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी भरायचा आणि हलणाऱ्या गोष्टी त्यावर वेगळ्या ठेवायच्या. असे हलणारे तुकडे एका आडव्या रेषेत ८ पेक्षा जास्त आले तर नववा दिसायचाच नाही. मग प्रोग्रॅमर दर फ्रेमला (पडद्यावर एकापाठोपाठ येणाऱ्या प्रत्येक चित्रात) वेगवेगळा तुकडा गाळायचे, म्हणजे कुणीच कायमचं गायब होणार नाही. 'कॉन्ट्रा'त गर्दी झाली की सगळं लुकलुकायचं ते यामुळे. आपण कॅसेट काढून फुंकर मारायचो, पण बिचाऱ्या कॅसेटचा त्यात काही दोष नव्हता. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला ढग आणि झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंग वेगळा. अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता.

मग १९९४ चा पहिला प्लेस्टेशन. त्याला थ्रीडी वस्तू ज्यांनी बनतात ते छोटे त्रिकोण भराभर काढता यायचे, पण त्रिकोणाचा कोपरा पडद्यावर पूर्ण ठिपक्यावरच बसायचा, दोन ठिपक्यांच्या मधे नाही. कॅमेरा हळू सरकला की भिंती थरथरायच्या. त्रिकोणावर चित्र चढवताना खोलीचा हिशेब धरला जायचा नाही, म्हणून पायाखालच्या फरशीच्या रेघा नागमोडी व्हायच्या. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ नं या दोन्ही गोष्टी सोडवल्या, पण त्याच्या चिपमध्ये टेक्स्चरसाठी, म्हणजे त्रिकोणांवर चढवायच्या चित्रासाठी, ४ केबीचीच जागा, त्यामुळे तिकडे सगळं धुरकट. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकं आठवतं? यंत्राला लांबचं काढणं झेपत नव्हतं, ते धुक्यात दडवलं, आणि त्याच धुक्यानं गेम भीतीदायक झाला. अडचणीतून इतकं सुंदर काही निघालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पीएस २ ची (मार्च २०००) अडचण मेमरीची. मुख्य मेमरी ३२ एमबी. 'व्हाइस सिटी' या गेममध्ये पूल ओलांडून दुसऱ्या बेटावर गेलं की लोडिंग यायचं. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच यंत्रावर 'सॅन अँड्रियास' आला आणि तीन शहरं, मधली शेतं, डोंगर, वाळवंट सगळं सलग. गाडी पुढे जाईल तसं डीव्हीडीवरून पुढचं वाचत राहायचं आणि मागचं टाकून द्यायचं. लांबचं तांबूस धूसर होतं, कारण तिथे अजून काही आलेलंच नसायचं.

आता मुद्द्याचं. पीएस ४ ची अडचण काय होती? हार्ड डिस्क. मेमरी ८ जीबी, पण डिस्कवरून सेकंदाला साधारण ५० ते १०० एमबी वाचलं जायचं. विहिरीला पाणी भरपूर आणि पाइप अर्ध्या इंचाचा, असा प्रकार. डिस्कची सुई इकडून तिकडे पळण्यात वेळ जाऊ नये म्हणून टपालपेटीसारख्या किरकोळ वस्तूच्या शेकडो प्रती डिस्कवर ठिकठिकाणी लिहून ठेवायला लागायच्या. पीएस ५ च्या एसएसडीचा (सुई नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वेग सेकंदाला ५.५ जीबी आहे. २०१९ मध्ये सोनीनं पत्रकारांना दाखवलेल्या चाचणीत 'स्पायडर-मॅन' गेममध्ये एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी जाताना थांबायचा वेळ १५ सेकंदांवरून १ सेकंदाच्या आत आला होता. हे फोटोत कसं दिसणार?

दुसरी गोष्ट काचेची. न्यूयॉर्कच्या इमारतींच्या काचांत पीएस ४ वर जे प्रतिबिंब दिसतं ते आधीच तयार करून ठेवलेलं चित्र असतं, समोरच्या रस्त्याशी त्याचा संबंध मोघम. पीएस ५ वर प्रकाशकिरणाचा माग काढतात, म्हणून समोरची खरी इमारत, खालून जाणारी गाडी काचेत दिसते. भिंतीवर चढताना काचेत आपला माइल्स, म्हणजे गेमचा नायक, बघावा.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

मूर्तिजापूरचा_भाऊ

राजेहो, लय दिवसानं मनासारखा धागा भेटला वाचाले. आमच्या इकडे बसस्टँडमागं गेमचं दुकान होतं, तासाचे पैसे देऊन बसाचं. पीएस २ वर 'गॉड ऑफ वॉर'मधला पहिला हायड्रा समुद्रातून वर आला तं आम्ही पोट्टे खुर्च्या सोडून उभे राह्यलो. लाईन गेली की अर्धा खेळ बुडे, पण दुकानवाला भला माणूस, लाईन आल्यावर वेळ वाढवून दे.

पण मले एक गोठ समजावून सांगा. पीएस २ वरून पीएस ३ वर गेलो तवा जो झटका बसला, थो पुढं पीएस ४ ले नाई बसला, पीएस ५ ले तं नाईच नाई. अडचणी दूर होत गेल्या म्हणता, मग आम्हाले झटका काऊन बसत नाई?

रेंडरफार्म

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी मूळची दारव्ह्याची, पुण्यात गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवायचं काम करते, त्यामुळे हे रोज हाताखालून जातं.

डोक्याचा गोलवा दाखवायला ६० त्रिकोण असतील तर तो ठोकळा दिसतो. ६०० केले की माणूस दिसतो. ६,००० केले की चांगला माणूस दिसतो. ६०,००० केले की काम दहापट होतं, पण बघणाऱ्याला कानाची पाळी जरा गोल झाली एवढंच कळतं. झटका कमी झाला त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पीएस २ च्या ग्राफिक्स चिपला एखाद्या ठिपक्याचा रंग कसा ठरवायचा याचा आपला स्वतःचा प्रोग्रॅम देता येत नव्हता. ठरलेल्या कृतींतून निवडायचं. एक्सबॉक्स ३६० (२००५) आणि पीएस ३ (२००६) यांच्या काळात तो प्रोग्रॅम म्हणजे शेडर प्रत्येक गेममध्ये सर्रास आला. त्यातून नॉर्मल मॅप सगळीकडे वापरता आले. म्हणजे मी आधी लाखो त्रिकोणांचं बारीक मॉडेल घडवते, त्यावरच्या सुरकुत्या, शिवण, खड्डे कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते एका चित्रात साठवते, आणि ते चित्र काही हजार त्रिकोणांच्या हलक्या मॉडेलवर चढवते. पृष्ठभाग सपाटच असतो, पण उजेड पडला की खड्डा खड्ड्यासारखाच वागतो. त्यात एचडी चित्र आलं. ६४० बाय ४४८ च्या आसपासच्या चित्रावरून १२८० बाय ७२० वर उडी. दोन मोठे बदल एकाच वेळी झाले म्हणून तुम्हाला झटका बसला.

पीएस ४ च्या वेळचा बदल शांतपणे आला, पण माझ्या मते तो सगळ्यात खोल बदल आहे. आपल्या काळ्या मातीचंच घ्या. उन्हाळ्यात ती भुरकट, मऊ, चमक शून्य. पहिला पाऊस पडला की काळीभोर आणि तिरप्या उन्हात चकाकणारी. जुन्या पद्धतीत चित्रकार ती चमक टेक्स्चरमध्येच रंगवायचा. सकाळच्या उजेडासाठी रंगवलेली चमक संध्याकाळी खोटी वाटायची, मग प्रत्येक दृश्यासाठी वेगळी दुरुस्ती. डिस्नेच्या तंत्रज्ञांनी २०१२ मध्ये पदार्थाचं वर्णन करायची एक सोपी पद्धत मांडली आणि गेमवाल्यांनी ती उचलली. आता मी मातीची चमक रंगवत नाही. मातीचा मूळ रंग काय, ती किती खरखरीत, धातू आहे की नाही, एवढं सांगते. पाऊस पडला की खरखरीतपणाचा आकडा उतरवायचा, रंग गडद करायचा, बाकी हिशेब उजेडाचा. त्यामुळे कुठल्याही वेळी, कुठल्याही कोनातून माती मातीच दिसते.

हा बदल झटका देत नाही. तो खटकणं काढून टाकतो, आणि जे खटकत नाही त्याची नोंद कुणी घेत नाही.

मूर्तिजापूरचा_भाऊ

ताई, मातीचं उदाहरण देऊन तुम्ही माह्या डोक्यात प्रकाशच पाडला. आता गेम खेळताना मी जमिनीकडेच पाहीन. शंभर टक्के पटलं.

सोल्डरगन

वरचं सगळं बरोबर आहे, पण चित्र कन्सोलमधून निघून डोळ्यापर्यंत जातं ते टीव्हीतून. त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. दिग्रसला टीव्ही आणि गेम दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं.

जुन्या गेमचं चित्र डब्बा टीव्ही धरूनच काढलेलं असायचं. सेगाच्या मेगा ड्राइव्हला (१९८८) अर्धपारदर्शक रंग सहज जमत नव्हता. 'सॉनिक'मधल्या धबधब्याला एकाआड एक उभ्या रेघा काढल्या आहेत. पिवळ्या पिनेच्या केबलमधून जाताना त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाण्याच्या आरपार दिसल्यासारखं व्हायचं. तोच गेम आज एलईडीवर स्वच्छ लावला तर नुसत्या रेघा. लोक म्हणतात जुनं ग्राफिक्स किती भिकार होतं. भिकार नव्हतं, तुम्ही ते चुकीच्या पडद्यावर बघताय. एलईडीला जुना कन्सोल पिवळ्या केबलनं जोडला तर अजून घोळ होतो. बरेच टीव्ही ते २४० रेघांचं चित्र दुसऱ्याच प्रकारचं समजून ताणतात आणि सगळं फासून टाकतात. कुणाकडे डब्बा टीव्ही चालू स्थितीत असेल तर भंगारात देऊ नका, कळकळीची विनंती आहे.

आता उलटं उदाहरण. पीएस ३ च्या खोक्यात एचडीएमआय केबल नसायची. पिवळी-लाल-पांढरीच असायची. आमच्या भागातल्या कितीतरी दुकानांत आणि घरांत पीएस ३ त्याच केबलनं डब्बा टीव्हीला जोडलेला मी स्वतः पाहिलाय. एचडी यंत्र, आणि चित्र मात्र पीएस २ च्या पट्टीतलं. केबल बदलून दिली की माणूस विचारायचा, तुम्ही आत काय बसवलं?

पैनगंगाकाठ दादा, म्हणून पुतण्याला एकच विचारा. मित्राकडचा टीव्ही कुठला? ३२ इंची एचडी रेडी असेल तर त्यात १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फोर-के म्हणजे ८३ लाख. पीएस ५ कितीही राबला तरी शेवटी दिसणार साडेदहा लाखच.

उमरखेड_गेमर

काकांचा पुतण्या मीच. टीव्ही ३२ इंचीच आहे, एचडी रेडी.

पण सोल्डरगन काका, आपल्याकडे बहुतेक घरांत हाच टीव्ही असतो. मग आमच्यासाठी फरक नाही हे माझं म्हणणं खरंच ठरतं ना? भारतात पीएस ५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांत. वर फोर-के टीव्ही घ्यायचा म्हणजे घरात विषयसुद्धा काढता येत नाही.

सोल्डरगन

अर्धं खरं ठरतं. मोठं चित्र लहान करून दाखवताना कडांचे करवती दाते कमी होतात, तेवढा फायदा एचडी रेडीवरही मिळतो. आणि हालचालीचा फायदा टीव्हीच्या ठिपक्यांवर अवलंबून नाही. मित्राकडे त्या गेमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' निवड आणि पुन्हा खेळ. सेकंदाला ६० फ्रेम मिळतात. पीएस ४ वर ३० होत्या. त्याच टीव्हीवर फरक हाताला कळेल.

चित्रकलेचा_मास्तर

धागा उत्तम, माहितीही भरपूर. पण मूळ मांडणीला माझा विरोध आहे, तो नोंदवतो. रिसोड तालुक्यात शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांसोबत गेमही बघतो.

तुम्ही सगळे 'सुधारणा' गृहीत धरता. २००२ चा गेमक्यूबवरचा 'झेल्डा: विंड वेकर' बघा. सपाट रंग, ठसठशीत आकार, कार्टूनसारखा. आजही तो ताजा दिसतो. त्याच वर्षांतले 'खऱ्यासारखे' दिसायची धडपड करणारे कितीतरी गेम आज बघवत नाहीत. २००६ चा 'ओकामी' तर पीएस २ वरचं शाईचित्र आहे. यातली कुठलीच गोष्ट यंत्राची अडचण दूर झाली म्हणून चांगली झालेली नाही. चित्रकारानं आधी ठरवलं की काय दाखवायचं आणि काय सोडायचं.

आणि 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. २००५ चा मूळ गेम आणि २०१८ ला पीएस ४ साठी पूर्ण नव्यानं बनवलेला, दोन्ही पाहिले. नव्यात गवताची पात न पात दिसते, दगडावरचं शेवाळ दिसतं. पण मूळ गेममधला तो पांढुरका, डोळे दिपवणारा उजेड आणि ओसाडपणा मला जास्त भिडतो. तपशील वाढला म्हणजे चित्र वाढलं, असं होत नाही. वर्गात मुलांना मी हेच सांगतो.

पैनगंगाकाठ

मास्तर, तुमच्याशी भांडावं असं फार कमी आहे यात. 'विंड वेकर' मलाही जीव की प्राण.

पण 'कोलॉसस'चं उदाहरण माझ्याही बाजूनं बोलतं. पीएस २ वर तो गेम चालताना यंत्राची दमछाक उघड दिसते. फ्रेम अनेकदा सेकंदाला २० च्याही खाली जातात. बनवणाऱ्यांच्या मनात केसाळ, डोंगराएवढा प्राणी होता आणि त्याच्या अंगावर चढणारा माणूस होता. यंत्र तिथपर्यंत पोचत नव्हतं तरी त्यांनी ओढून नेलं. २०११ ला तोच गेम पीएस ३ वर थोडा स्वच्छ करून आला, तेव्हा उजेड तोच राहिला आणि हालचाल गुळगुळीत झाली. चित्रकाराचं मन आणि यंत्राचा जोर, दोन्ही एकाच ठिकाणी दिसलं ते मला त्या आवृत्तीत. कधी मिळाली तर बघाच.

आणखी एक. यंत्र तेच राहून ग्राफिक्स सुधारतं हेही विसरायला नको. पीएस ३ वर २००७ चा पहिला 'अनचार्टेड' लावा आणि मग २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' लावा. स्टुडिओ तोच, डबा तोच, मेमरी तीच ५१२ एमबी आणि तीही दोन भागांत तुटलेली. सहा वर्षांत माणसं ते यंत्र वाचायला शिकली. नवीन पिढीच्या पहिल्या वर्षातले गेम बघून निकाल देऊ नये असं मी म्हणतो ते यासाठी.

चित्रकलेचा_मास्तर

२०११ ची आवृत्ती पाहिलेली नाही, मिळवतो. बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे, पण तुमचं उत्तर आवडलं.

संत्र्याची_बाग

मी स्वतः फार खेळत नाही, मुलगा खेळतो तेव्हा शेजारी बसून बघते. वरुडकडे शेती आहे. इतक्या जाणकारांमध्ये विचारू की नको असं झालं होतं, पण रेंडरफार्म ताईंनी मातीचं लिहिलं म्हणून विचारतेच.

गेममधल्या इमारती, गाड्या, माणसं आता खऱ्या वाटतात. शेत मात्र कधीच खरं वाटत नाही. सगळी झाडं एका उंचीची, पानं कागद कापून चिकटवल्यासारखी. जवळ गेलं की पान वळत नाही, माणूस झाडातून आरपार निघून जातो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीतून चालताना बोंडं पायाला लागतात, पानं खसखसतात, मागून ऊन आलं की पान आतून हिरवं पेटतं. हे काढायला इतकं अवघड का आहे?

रेंडरफार्म

ताई, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

भिंत एक सपाट तुकडा आहे. पऱ्हाटीच्या एका झाडाला किती पानं, किती पाती, बोंडं, काड्या. एका एकरात अशी हजारो झाडं. प्रत्येक पान खरं घडवायचं तर त्रिकोणांचा हिशेब कुठल्या कुठे जातो. म्हणून जुनी युक्ती अशी की चौकोनी पत्र्यावर पानांच्या झुबक्याचं चित्र लावायचं आणि पानाबाहेरचा भाग पारदर्शक ठेवायचा. तुम्हाला कागद चिकटवल्यासारखं वाटतं ते अगदी बरोबर ओळखलंत, ते तसंच असतं.

त्यातही गंमत बघा. दाट शेतात असे पन्नास पत्रे एकामागे एक येतात. यंत्र एकाच ठिपक्याचा रंग पुन्हा पुन्हा काढत बसतं आणि शेवटी दिसतं फक्त पुढचं पान. भिंतीमागे काय आहे ते यंत्र सरळ सोडून देतं, पण पानांना भोकं असल्यामुळे मागचं सोडता येत नाही. मागून ऊन आल्यावर पान पेटतं म्हणालात, त्यासाठी पानाच्या आरपार किती उजेड येतो याचा वेगळा हिशेब. वाऱ्यानं हलवायचं तर पानाची सावलीही दर फ्रेमला नव्यानं काढायची. शहर स्वस्त पडतं, शेत महाग पडतं, असं आमच्या कामात थेट दिसतं.

आशेची गोष्ट अशी की हे बदलतंय. २०२० चा 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' मुलाला लावायला सांगा. तो पीएस ४ चाच गेम आहे. त्यात गवताची प्रत्येक पात ग्राफिक्स चिप तिथल्या तिथे घडवते, आधी करून ठेवलेली नसते. आणि वारा नुसता शोभेला नाही, कुठे जायचं ते वाऱ्याची दिशा सांगते. अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा २०२० चा नमुना तुम्ही पाहिला असेल, एकेका पुतळ्यात ३ कोटी ३० लाख त्रिकोण. ते तंत्र सुरुवातीला दगड, डोंगर, पुतळे अशा टणक गोष्टींनाच चालायचं. भोकं असलेली आणि वाऱ्यानं हलणारी पानं त्यात बसवायची सोय २०२२ च्या शेवटी आली. पानाला पाय लागल्यावर ते वाकणं काही गेममध्ये आहे, पण फक्त खेळाडूच्या आजूबाजूला.

पऱ्हाटीचं शेत मी अजून कुठल्याच मोठ्या गेममध्ये पाहिलेलं नाही. मला ते घडवायचंय, मनापासून. पुण्याच्या स्टुडिओनं २०२० मध्ये 'राजी' काढला, त्यातले राजस्थानी महाल आणि झरोके जगभरच्या लोकांनी बघितले. वऱ्हाडातलं शेतही तसंच बघितलं जाईल.

संत्र्याची_बाग

पान महाग पडतं हे वाचून फार बरं वाटलं. ताई, शेत घडवायला घ्याल तेव्हा कळवा. दसऱ्याच्या सुमाराला बोंडं फुटायला लागतात, तेव्हा या. सकाळी दव असताना, दुपारी आणि ऊन उतरताना, तिन्ही वेळचे फोटो काढून देऊ.

रेंडरफार्म

नक्की येते. पानाच्या मागच्या बाजूचेही फोटो लागतील, आणि ढगाळ दिवशी काढलेले हवेत. उन्हातल्या फोटोत सावली रंगात मिसळते आणि मूळ रंग हाती लागत नाही.

अर्धीरात्र_डाउनलोड

सगळं मान्य, पण तपशील वाढला त्याचं वजन खेड्यातल्या माणसावर पडतं. पीएस २ चा गेम ४.७ जीबीच्या डीव्हीडीत यायचा. आता एकेक गेम १०० जीबीच्या घरात, आणि डिस्क विकत घेतली तरी वर पॅच, म्हणजे गेमची दुरुस्ती, नेटवरून उतरवायचा. आमच्याकडे (आर्णीजवळ) रात्री बारानंतर नेट जरा वेग धरतं, मध्येच लाईन गेली की बसा. सुरुवातीच्या पीएस ५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी म्हणायचे, हाताला यायची ६६७. सात-आठ मोठे गेम ठेवले की भरली.

पैनगंगाकाठ

हे दुखणं खरं आहे. एक गोष्ट मात्र पीएस ५ नं हलकी केली. वर लिहिलेल्या त्या शेकडो प्रती आता लागत नाहीत, त्यामुळे काही गेम पीएस ४ पेक्षा पीएस ५ वर कमी जागेत बसतात. सगळे नाही, कारण वाचलेल्या जागेत बारीक टेक्स्चर भरली जातात.

आमच्याकडे तीन-चार घरं मिळून डिस्क घेतो आणि फिरवतो. गेम डिस्कवरून चढतो, पॅच तेवढा नेटवरून. डिस्क ड्राइव्ह नसलेलं स्वस्त मॉडेल खेड्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उमरखेड_गेमर

मित्राकडे जाऊन आलो. परफॉर्मन्स लावून खेळलो. झोका घेताना फरक कळला, बटण दाबल्याबरोबर माइल्स वळतो. घरी येऊन पीएस ४ लावला तर जड वाटला.

काचेतलं प्रतिबिंबही पाहिलं. उभं राहून बघितलं तर भारी आहे, पण झोका घेताना काचेकडे कोण बघतं? त्यामुळे काका, ६० फ्रेमचं मान्य, काचेचं अजून मान्य नाही. आणि ५० हजारांचं तर नाहीच.

पैनगंगाकाठ

काचेकडे कोणी बघत नाही, पण काच खोटी असली की शहर खोटं वाटतं. यावर घरी बोलू. पैशाचं तुझं बरोबर आहे. कापूस घरात आहे, भाव बघून विकायचाय, तोवर विषय नको. शिवाय जुन्या यंत्रावर बघण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे. त्सुशिमा तू खेळलेला नाहीस, तो आधी लाव.

सोल्डरगन

आणि तो लावण्याआधी घरच्या टीव्हीत हे करून घे, पैसे लागत नाहीत. चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम' मोड लाव, बटण आणि हालचाल यांतला उशीर कमी होतो. 'शार्पनेस' अगदी खाली आण. दुकानात चित्र उठून दिसावं म्हणून ते वाढवलेलं असतं आणि कडांना पांढरी किनार येते, गवताच्या पातींना तर फारच. 'ओव्हरस्कॅन' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काही दिसलं तर चित्र कापलं जाणार नाही असं ठेव. पीएस ४ इन्व्हर्टरवर घे. लाईन गेल्यावर तो अर्ध्यात बंद पडला की पुढच्या वेळी डिस्क तपासत बसतो, आणि हे वारंवार झालं की हार्ड डिस्क जाते. आठवड्याला अशी एक तरी माझ्या टेबलावर येते.